हप्ता नको, एकूण आकडा सांगा : गाडीच्या फायनान्सचा खरा हिशेब

यवतमाळच्या एखाद्या शोरूममध्ये दिवाळीच्या आसपास किंवा कापूस विकून झाल्यावर जाऊन बसा. एक चित्र हमखास दिसेल. अब्बू, मुलगा आणि सोबत एखादे मामू किंवा चाचा. गाडी पसंत पडलेली असते. सेल्समन कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवतो आणि सांगतो, "चाचा, महिन्याला फक्त अकरा हजार सहाशे. मुलाच्या पगारातून आरामात निघेल." तिघे एकमेकांकडे बघतात, मान हलवतात आणि कागदांवर सह्या सुरू होतात.

या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही. शेवटचा हप्ता भरेपर्यंत आपल्या खिशातून एकूण किती रुपये जाणार?

आपल्या घरांमध्ये हा प्रश्न न विचारण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. व्याज हराम आहे, हे लहानपणापासून आपल्या कानावर आहे. त्यामुळे कर्ज काढायची वेळ आली की माणूस ओशाळतो. मशिदीतल्या मंडळींना सांगत नाही, शिकलेल्या भाच्याला विचारत नाही, कधी कधी बायकोलाही नीट सांगत नाही. "लवकर सही करू आणि विषय संपवू" असं होतं. चार ठिकाणी चौकशी न केल्यामुळे ज्या व्याजाची लाज वाटत होती, तेच व्याज तो इतरांपेक्षा जास्त भरून बसतो. गप्प राहिल्याने गुनाह कमी होत नाही, खर्च मात्र वाढतो.

कुठला व्यवहार जायज आणि कुठला नाही, हे ठरवायला आम्ही मुफ्ती नाही. तो प्रश्न आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावा. आम्ही इथे फक्त हिशेब मांडतो. कारण मार्ग कोणताही निवडला, तरी त्याची खरी किंमत आधी समजली पाहिजे. आणि हिशेब पाहिल्यावर बरीच कुटुंबे स्वतःच म्हणतील की एवढं कर्ज नकोच, थोडं थांबू किंवा लहान गाडी घेऊ.

आधी गाडीची किंमत, मग फायनान्स

पहिली चूक इथेच होते. गाडीचा भाव आणि कर्जाचा भाव एकत्र बोलला जातो. सेल्समन एका बाजूला पंधरा हजारांची सूट देतो आणि दुसरीकडून ती फायनान्समध्ये काढून घेतो. म्हणून आधी कर्जाचा विषय बाजूला ठेवून ऑन-रोड किंमत लेखी घ्या.

उदाहरण धरू. एका पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ६,५०,००० रुपये आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे ७१,५०० रुपये. विमा, नोंदणी, फास्टॅग वगैरे धरून समजा आणखी ३८,५०० रुपये. ऑन-रोड किंमत झाली ७,६०,००० रुपये.

यात दोन गोष्टी तपासा. एक, विमा. नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरचे दोन भाव आणून दाखवले तर शोरूमचा भावही बऱ्याचदा खाली येतो. दोन, सीट कव्हर, मॅटिंग, कोटिंग असल्या 'पॅकेज'ची रक्कम. ती कर्जात घातली तर सीट कव्हरवरही पाच वर्षे व्याज भरावे लागते.

आता समजा २,६०,००० रुपये घरचे आहेत आणि ५,००,००० रुपये कमी पडतात. पुढचा सगळा हिशेब या पाच लाखांवर करू.

आठ टक्के महाग, दहा टक्के स्वस्त

तुमच्या हातात दोन कोटेशन आहेत. पहिल्यावर लिहिले आहे ८ टक्के, दुसऱ्यावर १० टक्के. मुदत दोन्हीची पाच वर्षे. घरी विचारलं तर सगळे म्हणतील, आठवालं घ्या. पण पहिल्यावर बारीक अक्षरात 'फ्लॅट' लिहिलेलं आहे आणि दुसऱ्यावर 'रिड्यूसिंग'. सगळी गंमत या एका शब्दात आहे.

फ्लॅट ८ टक्के : वर्षाला ४०,००० रुपये व्याज, पाच वर्षांचे २,००,०००. हप्ता ११,६६७. एकूण परतफेड ७,००,००० रुपये.

रिड्यूसिंग १० टक्के : हप्ता १०,६२४. एकूण परतफेड साधारण ६,३७,४०० रुपये. म्हणजे व्याज सुमारे १,३७,४००.

आठ टक्केवालं कर्ज दहा टक्केवाल्यापेक्षा ६२,६०० रुपयांनी महाग निघालं.

असं का होतं? शेतीचं उदाहरण घ्या. तुम्ही पाच एकर शेत पाच वर्षांसाठी मक्त्याने केलं. दरवर्षी एक एकर मालकाला परत करत गेलात. तरी मालक पाचही वर्षे पाच एकराचाच मक्ता मागतो. तुम्ही द्याल का? फ्लॅट दरात नेमकं हेच होतं. हप्त्यागणिक मुद्दल परत जात असते, पण व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण पाच लाखांवर लावलेलं असतं. रिड्यूसिंगमध्ये जेवढी मुद्दल बाकी, तेवढ्यावरच व्याज. वरच्या दुसऱ्या कोटेशनमध्ये पाचवं वर्ष सुरू होताना मुद्दल जेमतेम १ लाख २१ हजार उरलेली असते.

फ्लॅट ८ टक्क्यांचा खरा दर काढला तर तो १४.१ टक्क्यांच्या आसपास येतो. शोरूममध्ये उभ्याउभ्या अंदाज घ्यायचा असेल तर पाच वर्षांच्या कर्जासाठी फ्लॅट दराला पावणेदोनने गुणा. तोही नको वाटत असेल तर आणखी सोपी रीत आहे. हप्ता गुणिले महिने, त्यातून कर्जाची रक्कम वजा. हा गुणाकार आठवीतलं पोरगंही मोबाइलवर करून देईल.

दर खरा, पण हातात आले किती?

आता दहा टक्केवालं कोटेशन चांगलं म्हणून घेतलं. इथेही थांबा. कर्ज पाच लाखांचं मंजूर झालं, पण त्यातून प्रोसेसिंग फी ७,५०० आणि कर्जासोबत जोडलेला जीवन विमा १२,००० असे कापले गेले, असं समजा. प्रत्यक्षात तुमच्या कामी आले ४,८०,५०० रुपये. हप्ता मात्र पाच लाखांचाच. मग खरा दर १० नाही, ११.७ टक्क्यांच्या जवळ जातो. पहिला हप्ता आधीच कापून घेतला, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स ईएमआय' लावला, तर दर आणखी वर सरकतो.

हा खेळ ओळखता यावा म्हणून रिझर्व्ह बँकेने एक कागद सक्तीचा केला आहे. त्याचं नाव 'की फॅक्ट स्टेटमेंट', थोडक्यात केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नवीन किरकोळ कर्जांसाठी बँक, सहकारी बँक, फायनान्स कंपनी या सगळ्यांनी तो ग्राहकाला द्यायचा आहे. तो नीट समजून घ्या :

१. त्यात 'एपीआर' नावाचा वार्षिक दर असतो. व्याज, फी, कर्जासोबत वसूल केला जाणारा विमा, सगळं धरून निघालेला हा एकच दर. दोन कोटेशनची तुलना करायची तर एपीआरची एपीआरशी करा, जाहिरातीतल्या दराशी नाही.

२. हा कागद ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे आणि तो समजावून सांगितला पाहिजे. मराठीत मागा. संकोच करू नका.

३. केएफएसमध्ये न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

४. तो हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. "आजच सही करा, नाहीतर ऑफर गेली" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. कागद घरी आणा, रात्री सगळे बसून वाचा.

हप्ता लहान म्हणजे ओझं लहान नव्हे

हप्ता जड वाटतोय म्हटलं की सेल्समनचं उत्तर तयार असतं, "मग सात वर्षांचं करून देतो." त्याच पाच लाखांचा, त्याच १० टक्के रिड्यूसिंग दराने हिशेब बघा :

तीन वर्षे : हप्ता १६,१३४, एकूण परतफेड सुमारे ५,८०,८००.
पाच वर्षे : हप्ता १०,६२४, एकूण परतफेड सुमारे ६,३७,४००.
सात वर्षे : हप्ता ८,३०१, एकूण परतफेड सुमारे ६,९७,२००.

तीनऐवजी सात वर्षे केली की १,१६,००० रुपयांहून जास्त व्याज वाढलं. आणि गाडी म्हणजे सोनं किंवा प्लॉट नाही. विम्याच्या रूढ कोष्टकानुसार चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरली जाते. गाडी जुनी होत जाते, तिचे टायर आणि बॅटरी बदलायची वेळ येते, आणि हप्ता मात्र नव्या गाडीचाच चालू राहतो.

म्हणून आमचा सल्ला साधा आहे. तीन किंवा चार वर्षांत जेवढं फिटेल, तेवढीच गाडी बघा. हप्ता पेलवत नसेल तर मुदत वाढवू नका, गाडी लहान करा.

शून्य टक्के म्हणजे काय?

'झीरो पर्सेंट' हा शब्द आपल्या लोकांना विशेष ओढतो. व्याजच नाही, मग हरकत काय? पण फुकट पैसा कोणीच देत नाही. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांबाबत बँकांना तंबी दिली होती. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नसते, व्याज दुसऱ्या नावाखाली लपवलेलं असतं, असा तिचा आशय होता.

ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचारा : "रोख दिले तर किती सूट?" समजा रोखीने ३०,००० रुपये कमी होतात आणि शून्य टक्के योजनेत ४ लाख रुपये २४ हप्त्यांत द्यायचे आहेत. मग त्या चार लाखांचा खरा भाव ३,७०,००० होता. सोडलेली सूट हेच तुमचं व्याज. त्याचा दर निघतो साडेसात टक्क्यांच्या वर. योजना वाईटच असते असं नाही, पण तिला शून्य समजू नका.

कापसाचा पैसा वर्षातून एकदा, हप्ता मात्र दरमहा

आपला जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा. दिग्रस, दारव्हा, आर्णी, उमरखेड, वणी, कुठेही बघा, शेतकऱ्याचाच नव्हे तर दुकानदार, मेकॅनिक, वाहतूकदार यांचाही हात दिवाळीनंतर मोकळा होतो आणि पावसाळ्यात आवळतो. फायनान्सवाला मात्र जुलै-ऑगस्टमध्येही त्याच तारखेला हप्ता मागतो. बियाणं, खत, शाळेची फी आणि वर हा हप्ता.

खात्यात पैसे नसले की दुहेरी मार बसतो. फायनान्स कंपनी बाउन्स चार्ज लावते, तुमची बँक वेगळा आकार लावते, आणि सिबिलवर डाग पडतो तो निराळाच. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार उशिराचा दंड हा 'दंडात्मक शुल्क' म्हणूनच लावता येतो. तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तुमच्या खातेउताऱ्यात तसं दिसलं तर लेखी विचारणा करा.

यावर उपाय दोन. पहिला, सही करण्याआधी हप्त्याची तारीख आपल्या आवकीप्रमाणे ठरवून घ्या, आणि तिमाही किंवा सहामाही हप्त्याची सोय आहे का ते विचारा. दुसरा, कापसाचे पैसे आले की निदान चार हप्त्यांची रक्कम वेगळी काढून ठेवा. तेवढी शिल्लक राहत नसेल, तर गाडी आपल्या आवाक्यातली नाही असं समजा.

आधी फेडायचं असेल तर?

हंगाम चांगला गेला, एकदम पैसे आले, कर्ज संपवून टाकू, असा विचार आपल्याकडे बरेच जण करतात, आणि तो योग्यच आहे. पण त्यालाही आकार असू शकतो. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जांवर, ती व्यवसायासाठी नसतील तर, मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही. मात्र गाडीची कर्जं बऱ्याचदा फिक्स दराची असतात. तिथे 'फोरक्लोजर चार्ज' किती, तो कोणत्या महिन्यापासून लागतो, मधेच थोडी रक्कम भरता येते का, हे केएफएसमध्ये आधीच बघून घ्या.

व्याजाशिवाय गाडी : कोणते मार्ग, किती खरे?

आता आपल्या मनातल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतात बिनव्याजी बँक का नाही? रघुराम राजन समितीने २००८ च्या अहवालात बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असं सुचवलं होतं. बरीच चर्चा झाली, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. शिवाय बँकिंग नियमन कायदा, १९४९ नुसार बँकेला स्वतः मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. म्हणून गाडी विकत घेऊन नफा लावून तुम्हाला विकणं, म्हणजे मुराबहा, बँकेला करता येत नाही. उरतात ते मार्ग असे :

स्वतःची बचत. सगळ्यात स्वस्त. ज्या हप्त्याची तयारी होती, तोच दरमहा स्वतःच्या नावाने बाजूला ठेवा. महिन्याला १०,६२४ रुपये ठेवले तर दोन वर्षांत अडीच लाखांहून जास्त होतात. घरच्या २,६०,००० मध्ये ते मिळवले की पाच लाखांच्या पुढे रक्कम जाते. तेवढ्यात चांगली जुनी गाडी नक्की येते.

बीसी किंवा भिशी. ओळखीच्या लोकांत, ठरलेल्या रकमेची, चिठ्ठीने नंबर काढणारी भिशी असेल तर त्यात व्याज नसतं. पण बोली लावून रक्कम कमी घेण्याचा प्रकार असेल तर गोष्ट बदलते. ती जायज आहे का, हे आलिमांना विचारा, आणि बोलीत सोडलेली रक्कम हा आपला खर्च म्हणून हिशेबात धरा.

कर्जे-हसना. भाऊ, मेहुणा, मित्र यांच्याकडून बिनव्याजी उसने. यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे लिहून न ठेवणं. "आपसातच आहे, कागद कशाला?" सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि ती ठराविक मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. कागद केल्याने नातं तुटत नाही. तुटतं ते दोघांच्या आठवणीत वेगवेगळा आकडा असल्याने.

मुराबहा. संस्था किंवा व्यापारी आधी गाडी स्वतः विकत घेतो, आपली खरेदी आणि नफा उघड सांगतो आणि एका पक्क्या किमतीत हप्त्यांवर विकतो. उशीर झाला तरी किंमत वाढत नाही. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त, पण एकदाच ठरलेला असेल, तर बहुतेक विद्वान तो व्यवहार मान्य करतात. दिल्लीच्या सहूलत मायक्रोफायनान्स सोसायटीच्या प्रेरणेने देशात काही बिनव्याजी सहकारी पतसंस्था चालतात, पण त्यांचा भर लहान रकमांवर असतो.

मुराबह्याचाही हिशेब तसाच करा. समजा पाच लाखांवर ७५,००० नफा लावून ५,७५,००० ठरले, तर साठ हप्त्यांत ९,५८३ रुपये महिना. सोबत सभासद फी, शेअर, अडकवलेली ठेव किती, हे विचारा. आणि एक कळीचा प्रश्न : मधल्या काळात गाडी खरोखर संस्थेच्या मालकीची झाली का? पडली-झडली तर नुकसान कोणाचं? उत्तर "ते काय, कागदावरच असतं" असं आलं, तर नाव वेगळं आणि माल तोच.

इथे आणखी एक इशारा. 'हलाल' हा शब्द पाटीवर लिहिला म्हणून व्यवहार सुरक्षित होत नाही. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीत हलाल नफ्याच्या आशेने हजारो मुस्लिम कुटुंबांनी पैसे गुंतवले आणि जून २०१९ मध्ये ती कोसळली. "एवढे भरा, वर्षाने गाडी घेऊन जा" अशी योजना कोणी आणली, तर नोंदणी कुठे, रिझर्व्ह बँक की सहकार खाते, हे आधी विचारा. हीच गोष्ट खासगी सावकाराची. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. तक्रार यवतमाळच्या जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

गाडी धंद्यासाठी, म्हणजे प्रवासी वाहतूक किंवा माल वाहतुकीसाठी घ्यायची असेल, तर आधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात सध्या कोणती योजना चालू आहे ते विचारून या. त्यांच्या कर्जावरही व्याज असतं, पण तुलना करायला तो एक भाव हाती असावा.

जामीन राहताना

"फक्त एक सही दे भाऊ." नात्यात ही सही नाकारणं अवघड जातं. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुली आधी कर्जदाराकडूनच झाली पाहिजे असं नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज, अबू कतादा (रजि.) यांनी त्याचं कर्ज फेडण्याची हमी घेतल्यावर पढवली, हा प्रसंग आपण ऐकलेला आहे. हमीचं वजन एवढं आहे. म्हणून हप्ता स्वतः भरायची तयारी असेल, तरच सही करा.

हप्ते थकले तर आणि हप्ते संपले तर

अडचण आली तर फोन बंद करून बसू नका. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मागा, पोच घ्या. गुंड पाठवून गाडी ओढून नेणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केलं आहे. तक्रार आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मोफत. माहितीसाठी क्रमांक १४४४८. ग्राहक हेल्पलाइन १९१५. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असंही नाही. सातबाऱ्यावर जसा बँकेचा बोजा चढतो, तसा गाडीच्या आरसीवर फायनान्सरचा बोजा असतो. एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आरटीओत उतरवा, विम्यातलं नावही काढा. पाच वर्षांनी गाडी विकताना ही धावपळ नको. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर आरसीवरचा बोजा पहिल्यांदा बघावा. नांदेड-नागपूरची असो की आदिलाबादकडून आलेली, पैसे देण्याआधी. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसीही लागेल.

जाताना खिशात ठेवायचे सहा प्रश्न

१. गाडीची ऑन-रोड किंमत किती, आणि रोखीने घेतली तर किती?
२. दर फ्लॅट की रिड्यूसिंग?
३. केएफएसवर एपीआर किती लिहिला आहे?
४. मंजूर किती आणि कापून हातात किती?
५. हप्ता चुकला तर काय लागेल, आधी फेडलं तर काय लागेल?
६. डाउन पेमेंट धरून शेवटपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या, घरी न्या आणि दस्तरखानावर सगळ्यांसमोर ठेवा. अम्मींना, बायकोला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाही दाखवा. त्या आकड्यातून गाडीची ऑन-रोड किंमत वजा करा. जे उरेल, ते आपण घाईची किंमत म्हणून देणार आहोत. एवढी किंमत द्यायची की वर्षभर थांबायचं, हे मग घरात बसूनच ठरवा.